पाहुण्या शिक्षकाची दिनचर्या : इथिओपियातील दोन वर्षांचा अभ्यास

परदेशी जाऊन आलेल्या प्राध्यापकाने महाविद्यालयाच्या अंकासाठी लेख लिहावयाचा म्हटला, की तो बहुधा प्रवासवर्णनाकडे वळतो. विमान, रस्ते, स्वच्छता आणि शेवटी ‘आपल्याकडे असे का नाही’ ही खंत, असा त्याचा साचा ठरून गेलेला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. २००६ ते २००८ ही दोन शैक्षणिक वर्षे मी इथिओपियातील बाहिर दार या गावी, तेथील विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवीत होतो. त्या काळातील रोजच्या जगण्यातल्या काही साध्या गोष्टी, म्हणजे घड्याळ, पंचांग, नाव, लिपी, ताट आणि शेजार, यांचा येथे विचार करावयाचा आहे. या गोष्टींचा अध्यापनाशी संबंध नाही असे प्रथमदर्शनी वाटते. माझा अनुभव असा, की परक्या देशातील शिक्षकाची खरी तयारी याच गोष्टी करून घेतात. आणि त्यातून निघणारा प्रश्न आपल्या वर्गांनाही लागू पडतो.

पूर्वपीठिका

‘बाहिर’ म्हणजे समुद्र किंवा मोठे पाणी आणि ‘दार’ म्हणजे काठ. हे गाव ताना सरोवराच्या दक्षिण काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर वसले आहे. राजधानी अदिस अबाबापासून ते रस्त्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटर पडते. येथूनच निळी नाईल सरोवराबाहेर पडते. तिला तिकडे ‘अबाय’ म्हणतात. सरोवरातील बेटांवर जुने ख्रिस्ती मठ आहेत, आणि पपायरसच्या लव्हाळ्याच्या ‘तांक्वा’ नावाच्या होड्या आजही तेथील पाण्यावर दिसतात.

इथिओपियाला भारतीय शिक्षक नवा नाही. १९३६ ते १९४१ हा इटलीच्या ताब्यातील काळ संपल्यावर सम्राट हैले सेलासी यांनी शाळा पुन्हा उभ्या केल्या, तेव्हा पुढील तीन दशकांत फार मोठ्या संख्येने भारतीय शिक्षक तेथे गेले. त्यांत केरळातले पुष्कळ होते. १९७४ च्या क्रांतीनंतर तो ओघ आटला. २००० नंतर तेथे नवनवी विद्यापीठे निघू लागली, तेव्हा भारतीय प्राध्यापक पुन्हा जाऊ लागले. त्यामुळे बाजारात भाजी घेताना एखादा साठीचा गृहस्थ थांबून सांगे, की आम्हांला गणित एका भारतीयाने शिकविले. त्या अनोळखी शिक्षकाच्या पुण्याईवर मला आदर मिळे आणि दोन टोमॅटो जास्त मिळत. गावात फिरावयाचे वाहन तीनचाकी रिक्षा. तिचे तेथील नाव ‘बजाज’. ‘बजाजला हात करा’ असे अम्हारिकमधून ऐकले, की पुण्याची आठवण झाल्यावाचून राहत नसे.

याहून जुना एक धागा आहे. आपण ‘हबशी’ हा शब्द वापरतो. तेथील लोक स्वतःला ‘हबेशा’ म्हणवितात. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा मूळचा याच देशाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये येऊन राज्यकर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो वारला. आपल्या पाठ्यपुस्तकातील हे नाव माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही ऐकलेले नव्हते.

घड्याळ आणि पंचांग

इथिओपियात दिवस उजाडल्यापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सात वाजता तेथे एक वाजतो, दुपारी बाराला सहा आणि संध्याकाळी सहाला बारा. अंधार पडल्यावर पुन्हा एकपासून मोजणी सुरू होते. देश विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने सूर्योदयाची वेळ वर्षभर थोडीच सरकते, आणि ही पद्धत बिनतक्रार चालते. आठ वाजताचा तास विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘दोनचा’ असतो. विमानाचे तिकीट मात्र जगाच्या घड्याळाप्रमाणे निघते. जुन्या सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते : कोणी वेळ सांगितली, की ‘तुमची की आमची?’ हे आधी विचारावे. तो प्रश्न मी दोन वर्षे रोज विचारला.

मराठी वाचकाला हे विचित्र वाटावयाचे कारण नाही. सूर्योदयापासून घटिका मोजण्याची आपली रीत पंचांगात अजून जिवंत आहे. फरक एवढाच, की आपण ती लग्नाच्या मुहूर्तापुरती ठेवली आणि त्यांनी ती रोजच्या व्यवहारात टिकविली.

कालगणनेचेही तसेच. त्यांचे वर्ष तेरा महिन्यांचे असते. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी ‘पागुमे’ नावाचा पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा दिवसांचा महिना. वर्षाचा आकडा आपल्या इसवी सनाहून सात किंवा आठांनी कमी असतो. विद्यार्थ्याच्या नोंदीत जन्मसाल १९८० दिसे आणि समोर एकोणीस वर्षांचा पोरगा उभा असे. १२ सप्टेंबर २००७ रोजी तेथे ‘मेस्केरेम’ महिन्याची पहिली तारीख आणि सन २००० उजाडले. साऱ्या देशाने नव्या सहस्रकाचे स्वागत मोठ्या थाटाने केले. मी मुंबईत एकदा पाहिलेले २००० साल असे दुसऱ्यांदा पाहिले. त्या दिवसांत माळावर ‘अदेय अबेबा’ नावाची पिवळी फुले येतात आणि लहान मुली ती हाती घेऊन, गाणी म्हणत दारोदार फिरतात. आपल्याकडील भुलाबाईची आठवण करून देणारे ते दृश्य असते.

शके, विक्रम संवत, हिजरी आणि इसवी असे चार आकडे एकाच दिनदर्शिकेवर पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना सन हा माणसांनी ठरविलेला आकडा आहे हे बुद्धीने ठाऊक असते. पण पगाराच्या कागदावर, परीक्षेच्या वेळापत्रकावर आणि दुधाच्या हिशेबात दुसरे साल लिहू लागल्यावर ते अंगवळणी पडते.

नाव आणि संबोधन

तेथे आडनाव नाही. मुलाचे स्वतःचे एक नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव. अबेबे हा ताडेसेचा मुलगा असेल तर तो अबेबे ताडेसे. त्याला ‘मिस्टर ताडेसे’ म्हणणे म्हणजे त्याच्या वडिलांना हाक मारणे होय. आदर दाखवावयाचा तर ‘आतो अबेबे’ म्हणतात. विवाहितेला ‘वेइझेरो’ आणि अविवाहितेला ‘वेइझेरित’. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही, ती वडिलांचेच नाव पुढे चालविते. आपल्याकडे सासरी गेल्यावर मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही बदलण्याची रीत होती, हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने विचारले, ‘मग तिच्या मैत्रिणी तिला शोधतात कशा?’ या प्रश्नावर मी आजही विचार करतो.

अम्हारिक भाषेत ‘तू’ पुरुषासाठी ‘अंते’ आणि स्त्रीसाठी ‘अंची’ असा वेगळा आहे. वडीलधाऱ्यांसाठी ‘इर्स्वो’ हे आदरार्थी रूप आहे. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ असा भेद करणाऱ्या मराठी माणसाला हे सहज साधते. सकाळच्या नमस्काराचा अर्थ ‘रात्र कशी काढलीत?’ असा होतो. विद्यार्थी वही देताना उजव्या हाताने देतो आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देतो. होकार देताना पुष्कळ जण शब्द उच्चारत नाहीत; श्वास झटकन आत ओढून हलकासा आवाज करतात. हा आवाज ‘हो’ आहे, दचकणे नव्हे, हे ठाऊक असल्याखेरीज त्या वर्गात शिकविणे कठीण.

लिपी आणि वाक्य

अम्हारिकची अक्षरे ‘फिदेल’ या नावाने ओळखली जातात. मूळ अक्षरे तेहेतीस आणि प्रत्येकाची सात रूपे, म्हणजे दोनशे एकतीस चिन्हे. परदेशी माणूस हा तक्ता पाहून हबकतो. परंतु आपल्या वाचकांच्या तत्त्व लगेच ध्यानी येईल, कारण ही बाराखडीच आहे, बारांऐवजी सातांची. ल, लु, ली, ला, ले, ल्, लो अशा धर्तीवर एकाच मुळाक्षराला कोठे रेघ जोडून, कोठे वळण देऊन स्वर दाखवितात. स्वर दाखविण्याची ही रीत चौथ्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. मुले हा तक्ता सुरात घोकतात. चर्चच्या आवारातील जुन्या पद्धतीच्या शाळेवरून जाताना तो सूर कानी पडला, की पाटी-पेन्सिल घेऊन ओसरीवर बसल्याचा भास होई. मी तो तक्ता पाच-सहा आठवड्यांत शिकलो. दुकानाच्या पाट्या वाचता येऊ लागल्या त्या दिवशी गाव एकदम लहान आणि ओळखीचे वाटू लागले.

याहून महत्त्वाचा शोध वाक्यरचनेचा. ‘मी काल पुस्तक वाचले’ हे अम्हारिकमध्ये ‘इने तिनांत मेत्स्हाफ अनेबेबकू’ असे होते. इने म्हणजे मी, तिनांत म्हणजे काल, मेत्स्हाफ म्हणजे पुस्तक, आणि क्रियापद शेवटी. शब्दामागून शब्द ठेवत गेले तर मराठी वाक्य तयार होते. ही भाषा हिब्रू-अरबीच्या कुळातली, मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. तरी वाक्याची चाल आपल्यासारखी. वहीत एखाद्या मुलाने इंग्रजी वाक्यात क्रियापद शेवटी टाकले, की पूर्वी शिकवून गेलेले इंग्रज-अमेरिकन शिक्षक काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही. मला मात्र त्या वाक्यामागे आपल्याच एखाद्या तालुक्याच्या गावचा विद्यार्थी दिसे. त्याच्या डोक्यात वाक्य कोठून निघाले आणि कोठे अडकले, हे मला सांगता येई.

ताट आणि शेजार

तेथील मुख्य अन्न ‘इंजेरा’. ‘तेफ’ नावाच्या, खसखशीसारख्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या मातीच्या तव्यावर त्याचे जाळीदार घावन घालतात. आंबोळीची ही थोरली, आंबट बहीण समजावी. त्यावर ‘शिरो’ वाढतात, म्हणजे हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचे झणझणीत पिठले. बुधवार आणि शुक्रवार, तसेच ईस्टरपूर्वीचे पंचावन्न दिवस हे तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवासाचे. त्या दिवशी मांस, दूध, लोणी वर्ज्य. ‘त्सोम’, म्हणजे उपवास, एवढा एक शब्द उच्चारला की शाकाहारी माणसाची सोय होते. शेजारणीला मात्र माझा उपवास रविवारीही का सुटत नाही, हे कोडे बरेच दिवस पडले होते.

एकाच ताटात सर्वांनी जेवावयाचे, आणि प्रेमाच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवावयाचा. याला ‘गुर्शा’ म्हणतात. आपण तो घास लग्नात आणि बाळाला भरवितो. तेथे विभागप्रमुखही भरवितात. जेवणानंतर कॉफी. जमिनीवर हिरवे गवत पसरतात, धूप जाळतात, कच्च्या बिया पाहुण्यांसमोर भाजून कुटतात आणि ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईतून कॉफी ओततात. ती तीनदा होते : अबोल, तोना आणि बेरेका. पहिल्या पेल्यानंतर उठणे शिष्टाचाराला धरून नसते. कामाची खरी बोलणी बहुधा तिसऱ्या पेल्याला निघतात. विद्यार्थी कोठे अडले आहेत, कोण शिक्षण सोडण्याच्या बेतात आहे, हे मला कार्यालयात कधी कळले नाही. ते तिसऱ्या पेल्याशी कळले.

बायकांची ‘इकुब’ असते, ती आपली भिशीच. ‘इद्दिर’ म्हणजे मर्तिकाच्या खर्चासाठी आणि मदतीसाठी शेजाऱ्यांनी चालविलेला संघ. तिचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी नीट कळला. माझे वडील गावी वारले. निरोप रात्री आला, आणि अंत्यदर्शनाला पोहोचणे शक्य नव्हते. दुसऱ्या सकाळी शेजारची माणसे बाके घेऊन आली आणि अंगणात बसली. पाठोपाठ सहकारी आणि विद्यार्थी आले. कोणी फार बोलले नाही. जाताना प्रत्येक जण ‘देव तुम्हांला बळ देवो’ एवढे म्हणे. तीन दिवस त्या घरात चूल पेटवावी लागली नाही. मी त्या संघाचा सभासद नव्हतो, वर्गणी भरलेली नव्हती, आणि त्यांतील कित्येकांची नावेही मला ठाऊक नव्हती.

तिसऱ्या भाषेतील शिक्षण

आता वर्गाकडे वळू. १९९४ च्या शैक्षणिक धोरणाने इथिओपियात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे ठरविले. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचे माध्यम मात्र इंग्रजी राहिले. प्रवेश परीक्षेच्या निकालावरून कोणी कोणत्या विद्यापीठात जावयाचे हे सरकार ठरवी. त्यामुळे माझ्या साठ-सत्तरांच्या वर्गात अम्हारा, ओरोमो, तिग्राय, सिदामा, गुराघे अशा अनेक समाजांची मुले शेजारी-शेजारी बसत. ओरोमो विद्यार्थ्याची मातृभाषा निराळी, १९९१ पासून लिपीही रोमन. अम्हारिक त्याची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. हा देश, पाच वर्षांचा इटालियन अंमल सोडता, कोणाची वसाहत झाला नाही. त्यामुळे गल्लीत वा कचेरीत इंग्रजीचा वावर जवळजवळ नाही. ती फक्त वर्गाच्या चार भिंतींत राहणारी भाषा.

परिणाम असा होई, की मुले पाठ करीत. व्याख्या तोंडपाठ, अर्थ धूसर. परीक्षेत उतरलेला परिच्छेद शब्दशः बिनचूक आणि पुढचे स्वतःचे एक वाक्य लंगडे. एका सिदामा मुलीच्या वहीचा समास मी एकदा न्याहाळला. तेथे प्रत्येक कठीण इंग्रजी शब्दापुढे बारीक अक्षरांत अम्हारिक अर्थ आणि त्यापुढे आणखी एक शब्द रोमन लिपीत होता. तो तिच्या घरच्या भाषेतला. एका शब्दासाठी ती मुलगी दोन पूल ओलांडीत होती, आणि वर्गात ती कधी बोलत नसे म्हणून तिची गणना मंद विद्यार्थ्यांत झालेली होती.

यावर मी जो उपाय केला तो साधा होता. कोणताही विषय दिल्यावर पहिली दहा मिनिटे आपापल्या भाषेत चर्चा करावयास सांगे. ज्यांची भाषा एक त्यांनी एकत्र बसावे. मग एकाने ती चर्चा अम्हारिकमधून साऱ्या वर्गाला सांगावी, आणि शेवटी प्रत्येकाने पाचच वाक्ये, पण स्वतःची, इंग्रजीत लिहावीत. काही सहकाऱ्यांना हे शिस्तीला सोडून वाटले. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलावी, हा त्यांचा आग्रह निराधार नव्हता, कारण विद्यार्थ्याच्या कानावर ती भाषा पडावयाची ती तेवढ्याच तासात. परंतु विचार आधी झाला पाहिजे, आणि तो माणूस आपल्या भाषेतच करतो, असे मला वाटले. मलिक अंबरवर लिहावयास सांगितले तेव्हा त्या सिदामा मुलीने लिहिलेल्या पाच वाक्यांतील शेवटचे असे होते : त्याला त्या देशात जेव्हा घरची आठवण येत असेल, तेव्हा तो कोणत्या भाषेत बोलत असेल? व्याकरणाच्या तीन चुका होत्या. मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले, आणि वर्गभर तो श्वास आत ओढल्याचा आवाज झाला.

समारोप

बाहिर दारहून परतून आता बरीच वर्षे झाली. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या काळात तिग्राय प्रांतात भीषण युद्ध झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये अम्हारा प्रांतातही लढाई भडकून आणीबाणी पुकारली गेली, आणि त्या बातम्यांत बाहिर दारचे नाव वाचावयास मिळाले. ज्या बाकांवर तिग्राय आणि अम्हारा मुले एका वहीवर डोके लावून पाच वाक्ये जुळवीत होती, त्या बाकांची तेव्हा आठवण झाली. ती मुले आता चाळिशीकडे झुकली असतील. काही स्वतः शिक्षक असतील. पाच वाक्यांनी युद्ध थांबत नाही हे मला कळते. पण शेजाऱ्याच्या भाषेतला विचार ऐकून घेण्याची सवय वर्गात लागली नाही, तर ती पुढे कोठे लागणार, हा प्रश्न त्यामुळे अधिकच खरा ठरतो.

आपल्या महाविद्यालयात वाडी-वस्त्यांवरून, तांड्यांवरून, पाड्यांवरून विद्यार्थी येतात. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी गोरमाटी, कोणाच्या घरी भिली वा कोरकू. प्रमाण मराठी ही त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. बाहिर दारच्या त्या मुलीसारखे दोन पूल ओलांडणारे कोणी आपल्या शेवटच्या बाकावरही बसलेले असते. परक्या गावी गेलेला शिक्षक घड्याळापासून घासापर्यंत सर्व काही विचारून घेतो, कारण त्याला विचारावेच लागते. आपल्या गावात ती गरज भासत नाही, म्हणून आपण विचारीत नाही. विद्यार्थी मित्रांना आणि विशेषतः उद्या शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे : वर्गात गेल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला त्याच्या घरची भाषा विचारा, आणि त्या भाषेतले दोन शब्द शिकून घ्या. ‘तुमची की आमची?’ हा प्रश्न घड्याळापुरता नाही.